दादा, तुम्ही पानं वाटणं का सोडलंत?

दादा,

पेपरात तुमच्याबद्दल जे छापून आलं ते सगळं बरोबर होतं. मी तपासलं. जन्मगाव देवळा बरोबर, सातपूरचा कारखाना बरोबर, मागे कोण कोण आहे तेही बरोबर. तेवढ्याशा जागेत आणखी काय मावणार? पण आपल्या रविवारच्या मंडळीतल्या कुणालाही विचारलं असतं की निकमदादांची एक गोष्ट सांग, तर त्यानं यातलं काही सांगितलं नसतं. तो म्हणाला असता, निकमदादा मेंढीकोट खेळायचे, पण पानं वाटायचे नाहीत. वाटण्याची पाळी आली की गड्डी उजवीकडे सरकवायचे. गेली सहा वर्षं.

त्याचं कारण प्रत्येकानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. काहींना वाटायचं, तुम्ही रुसलात. भामरेआप्पांना वाटायचं, ती तुमची कबुली होती. मला वाटायचं, तुम्हाला फार लागलंय आणि तुम्ही ते बोलून दाखवत नाही. आम्ही सगळेच चुकलो होतो. ते कळलं तेव्हा तुम्हाला येऊन सांगायची सोय उरली नव्हती, म्हणून लिहितो आहे.

गंगापूर रोडवरच्या आपल्या सोसायटीत मी राहायला आलो तेव्हा तुम्ही मला ओळखलंत ते लिफ्टमध्ये. मी आत शिरण्याआधी भिंतीवरची वजनाची पाटी वाचत होतो. तुम्ही म्हणालात, "किती माणसं लिहिलीत?" मी म्हटलं, "सहा. पण किलो बघता सहाजणांचं गणित जमत नाही." तुम्ही मोठ्यानं हसलात आणि विचारलंत, "पत्ते खेळता का?" माझी नोकरी विमा कंपनीत, दाव्यांचे आकडे तपासण्याची. माझ्यासारख्या माणसाला जोडीदार म्हणून कुणी मागून घेईल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

पार्किंगमागच्या खोलीत, जिला आपण उगाच क्लब हाउस म्हणायचो, दर रविवारी दुपारी चौघं बसायचो. तुमच्यासमोर मी. तुमच्या उजव्या हाताला भामरेआप्पा, बागलाणातले, खतांच्या दुकानाचे मालक. डाव्या हाताला शेख सर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आप्पा आणि शेख सर एकमेकांचे जोडीदार. ते खोकल्यातून हुकूम सांगतात असा सगळ्यांना संशय होता, आणि त्यांनीही तो कधी नाकारला नाही. तुमच्याकडे तसलं काही चालायचं नाही. हातात मेंढी, म्हणजे दश्शी, आली की माझी भुवई आपोआप वर जाते, ही माझी खोड. तिसऱ्याच रविवारी तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "सुहास, पुढच्या वेळी माकडटोपी घालून ये. तुझ्या भुवया मला नको ते सांगतात."

वाटण्याच्या बाबतीत तर तुम्ही हट्टी होतात. बाकी सगळे आधी पाच, मग चार, मग चार अशी गठ्ठ्यानं पानं टाकतात. तुम्ही एकेक पान वाटायचात, कारण गठ्ठ्यानं वाटलं की पानं नीट पसरत नाहीत. आप्पा कंटाळून म्हणायचे, "दादा, तुमचं वाटून होईतोवर आमचा लाल कांदा काढून व्हईल." आणि पिसण्याची तुमची पद्धत तर बघत राहावी अशी. आम्ही पानं हातात घेऊन वरखाली करणारे. तुम्ही गड्डी मधोमध तोडून दोन्ही अर्धे टेबलावर समोरासमोर धरायचात आणि अंगठ्यांनी कडा सोडायचात. फर्रर्र असा आवाज यायचा आणि पानं एकमेकांत बसायची. असं दोनदाच. तिसऱ्यांदा केलं तर पानं वाकतात म्हणायचात. वस्तू जपायची तुम्हाला सवय होती.

गणपतीतल्या स्पर्धेचा नियमही तुम्हीच घातलेला: अंतिम डाव नव्या कोऱ्या गड्डीनं. जुन्या पानांच्या पाठीवर डाग असतात, ती ओळखू येतात, कुणी कुणावर बोट ठेवायला जागा नको. ती गड्डी तुम्ही स्वतः आणायचात आणि सगळ्यांसमोर फोडायचात.

त्या वर्षी अंतिम डावाला आपण चौघंच होतो. सोसायटीतली निम्मी माणसं खुर्च्या ओढून भोवती बसली होती. वाटणं तुमच्याकडे. तुम्ही गड्डी फोडलीत, जोकर बाजूला काढलेत, दोनदा पिसलीत. शेख सरांनी काटली. तुम्ही एकेक करून वाटलीत.

मी पानं उचलली आणि मला वाटलं, माझा चष्मा बिघडला. सगळी तांबडी. सगळे बदाम. एक्क्यापासून दुर्रीपर्यंत तेरा बदाम, एकही पान कमी नाही. भुवई दाबून ठेवायला मला केवढे कष्ट पडले ते माझं मला माहीत. आप्पांकडे बघितलं तर त्यांच्या कपाळावर घाम. शेख सर पानं पुन्हा पुन्हा मोजत होते. तुमचा चेहरा मात्र नेहमीसारखाच. नंतर कळलं, चौघांनाही वाटत होतं की चमत्कार आपल्या एकट्याच्याच हातात आलाय.

आपल्याकडे कट हुकूम. ज्याच्याकडे उतरलेला रंग नसेल, त्यानं टाकलेलं पहिलं पान हुकूम ठरायचं. उतारी आप्पांची. त्यांनी इस्पिकचा एक्का असा आपटला की टेबल हललं. "आता बघाच म्हनावं गंमत!" माझ्याकडे इस्पिक नव्हतं. मी बदामची दुर्री टाकली. झाला हुकूम. शेख सरांनी चौकट टाकलं, तुम्ही किलवर. इस्पिकच्या एक्क्यावर बदामच्या दुर्रीनं हात नेला. पुढच्या हाताला मी बदाम उतरलो, तर कुणाकडेच बदाम नाही. तिसऱ्यालाही नाही. मग शेख सरांनी आपली सगळी पानं टेबलावर उलगडून ठेवली. दहाच्या दहा चौकट. "आप्पा, आपली दाखवा." आप्पांकडे उरलेलं सगळं इस्पिक. तुमच्याकडे किलवर. तेराच्या तेरा हात आपले, चारही मेंढ्या आपल्या.

आधी टाळ्या पडल्या. मग कुजबुज सुरू झाली. आणि मग आप्पा उठले.

"तेरा इस्पिक घेऊन एक हात नाय मिळत मानसाला? असं कधी ऱ्हातं का? अन् वाटलं कोनी? दादांनी. जिंकलं कोन? दादांचा गडी."

वरच्या मजल्यावरच्या कुणीतरी तोवर मोबाइलवर शोधलं होतं. चौघांना चार पूर्ण रंग येण्याची शक्यता किती? त्यानं आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. तो आकडा मी नंतर घरी कागदावर मांडून पाहिला, बरोबर आहे. बावीस लाख पस्तीस हजार, आणि त्यापुढे तीन वेळा कोटी. बावीस लाख पस्तीस हजार कोटी कोटी कोटी डावांत असा एक. म्हणजे जगातली झाडून सगळी माणसं चौघाचौघांनी पत्ते खेळायला बसली, झोपणं-जेवणं सोडून दर मिनिटाला एक डाव वाटत राहिली, तरी असा एक डाव यायला सरासरी दोन लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील.

"ऐका!" आप्पा म्हणाले. "आता मी नाय बोलत. आकडाच बोलतो."

मी म्हणालो, "आप्पा, आकडा बरोबर आहे. पण त्याच्याआधी एक 'जर' आहे. पानं जर पूर्णपणे मिसळली गेली असतील, तर हा आकडा. ती तशी मिसळली होती का, हे कुठे कुणाला माहीत आहे?"

"तुमचा 'जर' विम्याच्या कागदावर ठेवा, सुहासराव. तिथं तो बारीक अक्षरात असतो."

लोक हसले. माझ्या कामात हे रोज पुढ्यात येतं. घडायला फार अवघड अशी गोष्ट घडली, की माणूस लगेच लबाडी म्हणून मोकळा होतो. निव्वळ योगायोग नाही एवढंच त्यातून ठरतं. लबाडीशिवाय तिसरं काही असू शकतं का, हे शोधायचं बाकी राहतं. पण ते तिसरं काय, हे त्या दुपारी मला सांगता आलं नाही.

तुम्ही एका शब्दानंही स्वतःची बाजू मांडली नाहीत. पानं गोळा केलीत, गड्डी आप्पांपुढे ठेवलीत आणि म्हणालात, "हा डाव रद्द. पुन्हा खेळू. तुम्ही वाटा." मी म्हटलं, "दादा, कशासाठी?" तुम्ही माझ्याकडे बघितलंतही नाही. पुन्हा डाव झाला, आपण हरलो. ढाल घ्यायला आप्पा उठले तेव्हा पहिली टाळी तुमची होती. ती टाळी मनापासून होती. मी शेजारी उभा होतो, मला कळत होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही याल की नाही यावर खोलीत पैजा लागल्या होत्या. तुम्ही नेहमीच्या वेळेला आलात, नेहमीच्या खुर्चीवर बसलात, आप्पांच्या गुडघ्याची चौकशी केलीत. वाटण्याची पाळी आली तेव्हा गड्डी उजवीकडे सरकवून म्हणालात, "आप्पा, तुम्ही वाटा. आजपासून मी वाटत नाही." आप्पांनी शेख सरांकडे बघितलं. बाहेर पडताना आप्पांनी हळू आवाजात मला म्हटलंच, "कबुलीच झाली की ही." मी तुम्हाला ते सांगितलं नाही. पण तुम्हाला ते माहीत होतं, नाही का?

मला तुमचं सगळ्यात नवल वाटतं ते इथं. ज्या माणसानं चारचौघांत चोर ठरवलं, त्याच्याशेजारी बसून तुम्ही सहा वर्षं खेळलात, आणि तुमच्या खेळात कडवटपणाचा कण आला नाही. आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना क्लब हाउसपर्यंतही चालवत नव्हतं, तर तुम्ही आख्खी मैफल त्यांच्या तळमजल्यावरच्या घरी हलवलीत. ते तुमच्यावर चिडायचे तेव्हा तुम्ही हसायचात. मला राग यायचा. मी म्हणायचो, "दादा, तुम्ही त्यांना काही बोलत का नाही?" तुम्ही म्हणायचात, "त्यानं जे पाहिलं ते तो बोलला. पाठीमागे नाही, तोंडावर बोलला."

आपली सकाळची फेरी आणि त्यातला आपला न संपलेला वाद मला फार आठवतो. तुम्ही एकदा चालता चालता विचारलंत, "काल शेवटच्या डावात तुला काय पानं आली होती?"

"आठवत नाही."

"मलाही नाही. पण काल चौघांना जे चार हात आले, नेमके तेच, नेमके त्याच माणसांना, पुन्हा कधी येतील?"

मी घरी येऊन गणित केलं आणि थक्क झालो. कुठलाही साधा, विसरून जाण्यासारखा डाव घेतला, तरी तो नेमका तसाच पुन्हा येण्याची शक्यता आपल्या त्या चार रंगांच्या डावापेक्षा चोवीस पटींनी कमी असते. कारण चार रंग चौघांत चोवीस प्रकारे वाटता येतात, पण कालचा डाव एकाच प्रकारे कालचा डाव असतो. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही रस्त्यातच थांबलात. "चोवीस पटींनी? मग आप्पांनी दर डावाला आरडाओरडा करायला पाहिजे!"

"नाही ना, दादा. आपण ज्याला आधी नाव देऊन ठेवतो तेवढंच नवल म्हणून मोजतो. एकच रंग, चारही मेंढ्या, ओळीनं पानं. बाकीच्या डावांना नाव नसतं."

"नाव आपण दिलं. त्यात पानांचा काय गुन्हा?"

"गुन्हा नाही. पण नाव असलेले डाव मूठभर आणि बिननावाचे अगणित. त्यामुळे नाव असलेला आला की विचार करावाच लागतो."

"तू विचार कर. मी त्या बिचाऱ्या बिननावाच्यांकडून आहे."

हा वाद आपण किती वेळा घातला! गणितानं माझंच बरोबर आहे, हे मी आजही सोडणार नाही. पण तुमचं म्हणणं ऐकल्यापासून मी टुकार पानं हातात आली तरी ती एकदा नीट बघून घेतो. हे मला नोकरीनं शिकवलं नव्हतं.

त्या डावाचं कोडं मला सुटलं ते तुमच्या कारखान्यात. मी एका विम्याच्या कामासाठी सातपूरला आलो होतो, वाटेत तुमच्याकडे डोकावलो. तुमच्याकडे शिम बनतात. यंत्राचे दोन भाग जोडताना मधल्या फटीत घालायच्या, कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या. तुम्ही एका गिऱ्हाइकाच्या मालाचे दोन सारखे भाग करत होतात. चकत्यांची चळत उचललीत, अंगठा कडेवरून फिरवलात, मध्ये तोडलीत आणि दोन भाग तराजूच्या दोन पारड्यांत टाकलेत. काटा मधोमध. "मोजल्या होत्या?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "रोज तेच करायचं तर मोजत कोण बसेल?" तुमची मुलगी वृषाली शेजारच्या टेबलावर तेच करत होती. तिचाही काटा जवळपास मध्येच.

त्या रविवारी खेळायला येण्याआधी मी नवी गड्डी आणून जेवणाच्या टेबलावर मांडली. हिनं विचारलं, "पत्ते लावताय की सत्यनारायणाची तयारी?" नव्या गड्डीत चारही रंग आपापल्या रांगेत असतात. मी गड्डी बरोबर सव्वीस-सव्वीसवर तोडली आणि हातानं, एकाआड एक, पान पानात बसवलं. पुन्हा सव्वीसवर तोडली, पुन्हा एकाआड एक. आणि बघितलं तर गड्डी वरपासून खालपर्यंत इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, पुन्हा इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. मधून कुठूनही काटली तरी हा क्रम मोडत नाही. आणि एकेक करून चौघांना वाटली, तर चौघांना चार रंग.

म्हणजे कोटी कोटी कोटी वगैरे काही नव्हतं. नवी गड्डी तुम्ही आणलीत ती कुणावर बोट नको म्हणून. एकेक पान वाटलंत ते न्यायानं वाटलं जावं म्हणून. दोनदाच पिसलीत ती पानं जपायची म्हणून. आणि तुमचे अंगठे असे तयार, की तोड सव्वीसवरच पडली आणि एक पानही दुसऱ्यावर चढलं नाही. आमच्यातल्या एखाद्या ढिसाळ माणसानं वाटलं असतं तर असा डाव आलाच नसता. तुमच्या काटेकोरपणानं तुम्हाला चोर ठरवलं होतं.

मी तसाच धावत तुमच्या घरी आलो. सगळं सांगितलं. वाटलं, तुम्ही उडी माराल. तुम्ही म्हणालात, "असेल. चहा घे."

"असेल काय, दादा! चला आप्पांकडे."

"आप्पांना सांगायचं नाही. मला शब्द दे."

"पण का?"

"नको म्हणतो ना."

मी शब्द दिला आणि पाळला. पण तुमचा मला तेव्हा राग आला होता, आणि तो पुरता कधी गेला नाही. खरं सांगायचं तर हॉस्पिटलात तुमच्या शेजारी बसलो होतो तेव्हाही तो प्रश्न माझ्या जिभेवर होता. तुम्ही आप्पांचा गुडघा कसा आहे ते विचारलंत, आणि मी तो गिळला.

तुमचे दिवस झाल्यावर पहिल्या रविवारी आम्ही तिघं तुमच्या घरी गेलो. वहिनींनी चहा टाकला. वृषाली कारखान्यातून आली होती. मग आप्पाच म्हणाले, "वहिनी, मी तोंडदेखलं बोलनार नाय. मानूस लाखात एक होता. पन त्या एका डावाचं माझ्या मनातून जात नाय. गेल्या मानसाबद्दल असं मनात ठेवून मला जेवन जात नाय. काय करू, सांगा."

शब्द तुम्हाला दिला होता दादा, आणि तुम्ही नव्हता. मी दोन बाजूंनी विचार केला आणि शब्द मोडला. आप्पांना सगळं सांगितलं: नवी गड्डी, सव्वीसवरची तोड, एकाआड एक पान. ते मान हलवत राहिले. "कागदावर काय बी व्हतं. हातानं करून दावा."

खालच्या दुकानातून नवी गड्डी आणली. माझ्या हातानं होणार नव्हतंच. वृषालीनं ती घेतली, अंगठा कडेवरून फिरवला, तोडली. फर्रर्र. पुन्हा एकदा. शेख सरांनी काटली. तिनं एकेक करून वाटली. नाही जमलं, रंगात रंग मिसळले होते. पानं रांगेत लावून तिनं पुन्हा केलं. एका जागी दोन पानं एकदम पडली होती, तेवढ्यानं अर्धा डाव बिघडला. तिसऱ्यांदा आम्ही पानं उचलली आणि शेख सर म्हणाले, "या अल्ला." त्यांच्याकडे तेरा चौकट. माझ्या हातात काय आहे ते बघायच्या आधीच मला कळलं होतं.

आप्पा आपल्या तेरा पानांकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हनजे करता येतं. पोरी, तू करून दावलंस. मंग मी येगळं काय म्हनत व्हतो?"

दादा, इतकी वर्षं जपलेला माझा पुरावा त्यांनी दोन वाक्यांत उलटा फिरवला, आणि त्यांचं चूक नव्हतं. करता येतं हे दाखवलं की मुद्दाम केलं नाही हे सिद्ध होत नाही. उलट संशय वाढतोच.

वृषाली म्हणाली, "काका, बाबा हेच म्हणायचे. सुहासकाका घरी येऊन गेले त्या दिवशी मी त्यांना विचारलं, सांगून का टाकत नाही? ते म्हणाले, दाखवायचं तर हात दाखवावा लागेल, आणि हात दाखवला की आप्पा म्हणतील, हातचलाखी आलीच."

"अन् मंग वाटनं का सोडलं त्यांनी?" आप्पांनी विचारलं. आवाज बदलला होता.

"त्या डावानंतर त्यांनी घरी पिसून पिसून बघितलं. मग म्हणाले, माझ्या हातून पिसणं होतच नाही. मी पानं मिसळत नाही, लावतो. माझ्या हातानं वाटलेला डाव खरा नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना अशी पानं देत आलो. आता नाही द्यायची."

म्हणजे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. तुम्ही रुसला नव्हतात, कबुलीही दिली नव्हतीत. तुम्हाला वाटलं, तुमच्या हातात एक दोष आहे, आणि त्याचा फायदा चुकूनही कुणाला होऊ नये. जुन्या, आधीच मिसळलेल्या गड्डीत त्या दोषानं काही फरक पडत नाही, हे मी तुम्हाला गणितानं पटवून दिलं असतं. तुम्ही विचारलंच नाहीत. आणि मी रागात होतो.

आप्पांनी पानं खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माझ्या धंद्यात मी भेसळ करनारे लय पाह्यले. भेसळ करनारा पोत्यात दोन मुठी माती टाकतो. आख्खं पोतं मातीचं कोन देतं गिऱ्हाइकाला? दादांना चोरीच करायची असती, तर सुहासरावांना दोन मेंढ्या जास्त गेल्या असत्या. मला कळलंबी नसतं. मला तेरा इस्पिक देऊन, चार लोकांत, कोन चोरी करील?" आणि थोड्या वेळानं, "एवढं साधं. एवढं साधं मला सहा वर्सं दिसलं नाय, वहिनी."

वहिनी म्हणाल्या, "चहा गार झाला तुमचा."

ज्या गोष्टीसाठी मी इतकी गणितं मांडली, ती शेवटी खताच्या पोत्यानं सुटली. मला त्याचं वाईट वाटत नाही. शक्यता मोजताना आपण पानं मोजतो, पिसणं मोजतो. पण समोर कोण माणूस बसला आहे आणि तो कसा वागत आला आहे, हेही त्याच मोजणीत धरायला हवं. हे तुमच्यामुळे कळलं. तुमच्याबद्दल आणखी बरंच लिहिता येईल, पण अतिशयोक्ती तुम्हाला खपायची नाही. एवढंच लिहितो, की मला आयुष्यात पुष्कळ प्रामाणिक माणसं भेटली, पण स्वतःच्या चांगल्या कामाचीही पुन्हा तपासणी करणारा माणूस एकच.

निघताना आप्पा दारात थांबले. "वृषाली, आमचा एक गडी कमी हाय. येशील का रविवारी?"

ती म्हणाली, "येईन. पण मी पानं वाटणार नाही. माझेही हात बाबांसारखेच आहेत."

आप्पा म्हणाले, "पिसतो मी. वाट तू."

दादा, सहा वर्षांत हे आपल्यापैकी कुणालाच सुचलं नाही. एकानं पिसायचं, दुसऱ्यानं वाटायचं. मला तर सुचायला हवं होतं, आमच्या कचेरीत तपासणारा वेगळा आणि सही करणारा वेगळा असतो. पण तुम्ही गड्डी सरकवलीत आणि आम्ही सगळे तुमच्या मनात काय असेल तेच शोधत राहिलो.

परवाच्या रविवारी ती आली. तुमच्या खुर्चीवर बसली, माझ्यासमोर. आप्पांनी मन लावून, जरा जास्तच वेळ, पानं पिसली आणि तिच्या हातात दिली. तिनं एकेक करून वाटली. घाई करा असं कुणी म्हणालं नाही. मला बदाम दोन, किलवर पाच, चौकट चार, इस्पिक दोन आले. चित्र एकच, मेंढी एकही नाही. आपण हरलो.